टाबी बेटाचा नकार

सव्हाना,
२१ फेब्रुवारी २०२२

प्रिय मावशी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी "बोट आली, ठेवते" म्हणतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. पेटिग्रू बाईंनी एक ताकीद दिली आहे. मी त्यांच्या वकिली ऑफिसात आहे, त्यामुळे या खटल्याबद्दल मी जे लिहीन ते उद्या कोर्टात कुणी वाचूनही दाखवू शकेल. तेव्हा मी इथे खरं तेवढंच लिहीन, आणि तूही तसंच लिही.

आपण नेमकं काय मागतो आहोत ते एकदा मांडते, म्हणजे धक्क्यावर भलतंच पसरणार नाही. पूर्वी आपल्यासारख्या काळ्या वस्तीच्या कौंटीला मतदानातला एक खिळासुद्धा वॉशिंग्टनला विचारल्याशिवाय हलवता येत नव्हता. ते संरक्षण वरच्या कोर्टाने काढून घेतलं, आणि तीन वर्षांत आपल्या प्रार्थनाघरातलं मतदान केंद्र पलीकडच्या किनाऱ्यावर गेलं. आता पाण्यापलीकडे बोट, पुढे कुणाची गाडी, आणि परतीची शेवटची बोट चुकली की रात्र धक्क्यावर. प्रार्थनाघर चालवणाऱ्या डीकन प्रिमसनी तेव्हापासून एकदाही मत दिलेलं नाही. आपण न्यायाधीशांना म्हणतो आहोत की केंद्र बेटावर परत द्या, आणि या कौंटीला पुढची दहा वर्षं पुन्हा 'आधी विचारा, मग बदला' या अटीखाली ठेवा.

कौंटीचं उत्तर एका ओळीचं आहे: आमचा माणूस बेटावर आला होता, त्याने सगळ्यांसमोर विचारलं, एकाही माणसाने विरोध केला नाही. त्या सभेचं ध्वनिमुद्रण त्यांनी गेल्या आठवड्यात पाठवलं.

मावशी, मी ते ऐकलं. कौंटीचे मिस्टर टॅलबर्ट विचारतात, "कुणाची काही हरकत?" आणि मग काहीच नाही. खुर्ची वाजत नाही, कुणी खोकत नाही. इतकी माणसं एका खोलीत आणि श्वाससुद्धा ऐकू येत नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं, पण बाहेरचे बेडूक ऐकू येतात. पुढे तेही थांबतात.

तुम्ही घाबरला होतात का? त्यात लाज नाही, पण मला कळायला हवं. आणि शांततेच्या शेवटी एक बाई हळूच "नाही" म्हणते. ती कोण, ते सांग. तो एक शब्द आपला खटला जिंकून देऊ शकतो.

तुझी,
सब्रा


टाबी बेट,
९ मार्च

पिनी,

तुझ्या पाळण्यातल्या नावानेच हाक मारणार. कोर्टाला वाचायचं असेल तर वाचू दे, त्यांनाही कळेल तू किती चिमुकली होतीस ते.

पत्राला उशीर झाला कारण बोटीचं इंजिन गेलं. कॅप्टन म्हणतो, सुटा भाग येतोय. तो भाग बहुतेक पोहत येतोय. तोवर आम्ही मुलेट मासे, लाल भात आणि एकमेकांची तोंडं यांच्यावर भागवतोय.

घाबरलो होतो का, म्हणून विचारतेस? कुणाला, टॅलबर्टला? त्याच्या चड्डीची नाडी लोंबत होती, पोरी. लूसिंडाने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला होता.

आम्ही त्याला नकार दिला. भर प्रार्थनाघरात, सगळ्यांनी, तोंडावर दिला. यात विचारण्यासारखं काय आहे?

मग माझ्या लक्षात आलं, तुला ठाऊकच नसणार. तू रानात जाऊन साधना केली नाहीस, सभासद झाली नाहीस, म्हणून प्रश्न घरात ठेवला जायचा तेव्हा तुला बाहेर इतर पोरांबरोबर बसवायचे. तर ऐक. आपल्या प्रार्थनाघरात प्रश्न ठेवला की ज्याला पटलं तो पाय आपटतो. सगळ्यांना पटलं तर जमीन अशी बोलते की पलीकडच्या किनाऱ्याला ऐकू जाईल. पटलं नाही तर आपण हलत नाही. तोंडाने 'नाही' तिथे कुणी म्हणत नाही. मालकांच्या काळात 'नाही' म्हणणाऱ्याची पाठ सोलायचे, म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी अशी रीत काढली की नकार तर द्यायचा, पण फटका कुणाच्या पाठीवर मारायचा ते त्यांना कळू नये. डीकन कुणाला करायचं ते घर असंच ठरवतं, मयताचं जेवण कुठे घालायचं तेही.

टॅलबर्टने विचारलं, आम्ही गप्प बसलो. एकही पाय हलला नाही. याच्यापेक्षा मोठ्याने कसं सांगायचं? त्याने मान पुसली आणि पिशवी उचलून निघाला, तेव्हा आम्हाला वाटलं, समजला.

ती बाई बोलली म्हणतेस, ते चुकीचं ऐकलं असशील. त्या घरात कुणी तोंडाने नाही म्हणत नाही. कान साफ कर आणि पुन्हा ऐक.

भेंडीचं बी पाठवतेय. खिडकीत लाव.

मावशी


सव्हाना,
१९ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी पेटिग्रू बाईंना वाचून दाखवलं. नाडीचा भाग गाळणार होते, पण गाळणं बरोबर वाटलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दोन वर्षं मी या लोकांना विचारतेय की तुम्ही बोलला का नाहीत, आणि एकानेही मला हे सांगितलं नाही?" मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं नाहीत की गप्प राहून त्यांनी काय सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आगाऊपणा झाला. नंतर त्यांनी मला कॉफी पाजली.

आता साक्ष तुलाच द्यावी लागेल. डीकन प्रिमसना ऐकू कमी येतं, आणि लूसिंडाबाई कोर्टात हसतील.

पण पेटिग्रू बाईंना तो आवाजही हवा आहे. त्या म्हणतात, रीत समजावून सांगावी लागते, शब्द समजावून सांगावा लागत नाही. जी बोलली तिने शपथेवर "हो, मी म्हणाले" एवढं सांगितलं, तर 'एकानेही विरोध केला नाही' हे कौंटीचं वाक्य तिथेच मरतं.

मी कान साफ करून पुन्हा ऐकलं. इतक्यांदा ऐकलं की आता ऑफिसात मी एकटी असताना यंत्र बंद करून ठेवते. मावशी, पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. 'खरं तेवढंच लिहीन' म्हणाले, आणि सगळं लिहिलं नाही. तो आवाज बायना आजीचा आहे.

मला ठाऊक आहे, आजी त्या जानेवारीत गेली आणि सभा एप्रिलमध्ये झाली. मी स्वतः तिच्या कबरीवर, आपल्या रीतीप्रमाणे, तिची निळी बशी फोडून ठेवली होती. पण स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने मला अक्षरं शिकवली तेव्हा मी चुकले की ती ज्या आवाजात "नाही" म्हणायची, तोच हा आवाज. ओरडणं नाही, राग नाही. फक्त पुन्हा करायला लावणारं "नाही".

तू तिची सख्खी बहीण आहेस, आईचं ऐकून मी तुला मावशी म्हणते एवढंच. मी चुकत असेन तर तूच सांगू शकशील. ध्वनिमुद्रण आणि एक छोटं यंत्र बोटीच्या पेटीतून पाठवते. ऐक, आणि तो आवाज कुण्या जिवंत बाईचा असेल तर मला नाव कळव. मला नाव मिळालं तर फार बरं वाटेल.

तुझी,
सब्रा


टाबी बेट,
३० एप्रिल

पिनी,

हे पत्र मी तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा उठले.

यंत्र आलं. डीकन प्रिमसच्या ओसरीवर आम्ही सगळी जमलो, लूसिंडा, कॅप्टन, त्या दिवशी घरात असलेली जेवढी उरली आहेत तेवढी. भर दुपार होती. कोंबड्या पायात येत होत्या. टॅलबर्टचा आवाज आला तेव्हा लूसिंडा म्हणाली, "नाडी आठवते का गं?" आणि सगळी हसली. मग शांतता लागली आणि ओसरीही शांत झाली. आपलीच शांतता बाहेरून ऐकायची म्हणजे काय, ते तुला नाही सांगता येणार. कोंबड्या अंगणाच्या पार कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

मग तो शब्द आला.

डीकनना ऐकू कमी येतं, पण ते ऐकलं त्यांनी. म्हणाले, "बंद करा." आणि काठी घेऊन आत गेले.

पिनी, तो बायनाचा आवाज नाही. साठ वर्षं मी त्या आवाजाशी भांडले. बायना 'नाही' म्हणताना मध्ये श्वास घ्यायची, दम्यामुळे. हा आवाज सरळ आहे. तो तुझा आहे.

तुला लिहिलं की चुकीचं ऐकलं असशील, ते मी तुला वाचवायला लिहिलं होतं. आता शपथेचा प्रश्न आलाय, म्हणून सांगते. तू त्या दिवशी दाराशी उभी होतीस, तुझ्या पिवळ्या कोटात. सगळ्यांनी तुला पाहिलं. सभासद नसताना आत आलीस, वर तोंडाने बोललीस. टॅलबर्ट गेल्यावर आम्ही वळलो तोवर तू निघून गेली होतीस. डीकन म्हणाले, पोरगी आजीच्या दुःखात आहे, तिला कुणी याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. घराने पाय आपटले. म्हणून सहा वर्षं कुणी बोललं नाही.

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, हे तर कुणालाही ठाऊक आहे. तुला आजी ऐकू आली यात नवल काय, तिच्याच हाताखाली बोलायला शिकलीस. तेव्हा आता हा घोर सोड. ये, शपथ घे, आणि सांग की मी म्हणाले.

डीकननी कालपासून प्रार्थनाघराची चौकट निळी रंगवायला घेतली आहे. मी म्हटलं, "कशाला? निळ्याला पाणी समजून भुतं परत जातात ते बाहेरच्या भुतांसाठी असतं." ते म्हणाले, "व्हर्मेल, तू ब्रश धर आणि गप्प बस."

मावशी


सव्हाना,
६ मे

मावशी,

मी तिथे नव्हते.

त्या दिवशी मी सव्हानात होते. कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी तू स्वतः मला बोटीवर बसवलंस, मक्याची भाकरी बांधून दिलीस. मी वाटेतून परत फिरले असं तुला वाटलं असेल, पण मी फिरले नाही. मी मिसेस गॅडस्डेनकडे उतरले. त्यांना काल जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, आणि तू अंथरुणात पुस्तक घेऊन झोपलीस, दिवा मी बंद केला." परीक्षेचा निकाल माझ्याकडे आहे, त्यावर तीच तारीख आहे. ती परीक्षा मी दिली नसती तर आज या ऑफिसात नसते.

पिवळा कोट माझ्याकडे होता. तो मी त्या दिवशी घातला होता. परीक्षेच्या खोलीत गारठा होता.

पुढचं लिहू नये असं वाटत होतं. पण एकदा लपवलंय, पुन्हा नको. त्या परीक्षेत एक गोष्ट घडली होती. पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाशी येऊन म्हणाल्या, "मिस, बोलायचं नाही इथे." मी म्हटलं, मी बोलले नाही. माझ्या पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, "बोललीस की." काय बोलले ते मी विचारलं नाही. मला वाटलं, गणित पुटपुटले असेन. तेव्हा किती वाजले होते ते मला ठाऊक नाही, आणि मी शोधूनही काढणार नाही.

पेटिग्रू बाईंना सगळं सांगितलं, परीक्षेचंसुद्धा. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "सब्रा, तू शपथेवर 'मी म्हणाले' असं सांगू शकतेस का?" मी म्हटलं, नाही. "तुझी मावशी 'माझ्या बहिणीचा आवाज' म्हणू शकते का?" मी म्हटलं, नाही, तिला तसं वाटत नाही. "मग तो आवाज आपल्याकडे नाही. आपल्याकडे फक्त शांतता आहे." मग त्या म्हणाल्या, "आणि देवाशप्पथ, हे मला पुन्हा सांगू नकोस."

पण ध्वनिमुद्रण कौंटीकडे आहे. त्यांचा वकील ते वाजवणार, आणि तुला विचारणार की हा आवाज कुणाचा. त्यांनी साक्षीदारांत माझंही नाव घातलं आहे, त्यामुळे तुझी साक्ष चालू असताना मला आत बसता येणार नाही. तू माझं नाव घेतलंस, तर मी परीक्षेचा निकाल दाखवेन, आणि ते म्हणतील, बेटावरच्या बायकांना जिवंत माणूस कुठे आहे तेही कळत नाही, त्यांची ती रीत आम्ही कशी खरी मानायची? सगळं तिथेच संपेल. पण तुला तसंच वाटत असेल तर खोटं बोल असं मी तुला सांगू शकत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि मला झोप लागत नाही.

दाराशी कोण होतं, मावशी?

सब्रा


टाबी बेट,
२८ जुलै

पिनी,

सुनावणी १६ ऑगस्टला, समजलं. पेटिग्रू बाईंचं पाकीट मिळालं. आम्ही सगळी येतोय. कॅप्टनने इंजिनाला धमकी दिली आहे. लूसिंडा नवी टोपी घेते आहे, तिच्या मागे बसणाऱ्याला न्यायाधीश दिसणार नाहीत एवढी.

शेवटी जे विचारलंस त्याचा विचार मी दिवसा करते, संध्याकाळी सोडून देते.

कोर्टात काय बोलायचं ते मला शिकवू नकोस. बायनाने तुला अक्षरं शिकवली, पण पेन धरायला मी शिकवलं, आणि तेव्हाही तू असाच घोर करायचीस, कागद फाटेल म्हणून. फाटला का कधी?

जेवत जा.

मावशी


टाबी बेट,
१९ ऑगस्ट

पिनी,

तू बाहेर बाकावर होतीस आणि बाहेर आल्यावर मी तुला काही सांगितलं नाही, म्हणून रुसली आहेस हे मला दिसलं. धक्क्यावर, इतक्या माणसांत, मला ते बोलायचं नव्हतं. आता लिहिते.

न्यायाधीश बाई माझ्याच वयाच्या. समोर पाण्याचा पेला. आपली माणसं मागच्या सगळ्या बाकांवर. पेटिग्रू बाईंनी मला रीत विचारली, मी सांगितली. मग कौंटीचा वकील उठला. तरुण आहे, दात चांगले आहेत.

"बाई, त्या दिवशी तुम्ही काय बोललात?"

"काही नाही."

"म्हणजे विरोध केला नाहीत."

"केला की."

"कसा?"

"काही न बोलून."

"मग कौंटीच्या माणसाला ते कळणार कसं?"

मी म्हटलं, "त्याने विचारायचं होतं. तुमच्या घरी पाहुणा येतो आणि ताटातलं शिवत नाही, तर तुम्ही 'आवडलं वाटतं' म्हणून आणखी वाढता का?" न्यायाधीश बाईंनी पेला उचलला, हसू लपवायला, मी पाहिलं.

मग त्याने ते यंत्र वाजवलं, आणि शब्द आल्यावर बंद केलं. "ही बाई तर तोंडाने बोलली. तुमच्यात तोंडाने नाही म्हणत नाहीत म्हणता. मग ही कोण?"

पिनी, शपथ घेतलेली होती. मी न्यायाधीशांकडे वळले. म्हटलं, "बाई, मला तो आवाज एका माणसाचा वाटतो. तो माणूस सांगतो की तो तिथे नव्हता, आणि तो खोटं बोलत नाही, त्याला येतच नाही. त्या माणसाला मात्र तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो, आणि त्या दुसऱ्याला तर आम्ही पुरलंय. तेव्हा माझं वाटणं तुमच्या उपयोगाचं नाही. मला ठाऊक नाही, एवढंच मी शपथेवर सांगते."

त्यांनी विचारलं, "पण तुम्ही स्वतः बोलला नाहीत?" मी म्हटलं, "नाही. मी नकार देत होते."

वकिलाला वाटलं, आता धरलं. तो गर्रकन मागे, बाकांवरच्या आपल्या बेटाच्या माणसांकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "चला, पाहू या. मतदान केंद्र पलीकडे आहे तिथेच राहू द्यावं. पटतंय ना सगळ्यांना?"

पेटिग्रू बाई हरकत घ्यायला उठल्या. न्यायाधीश बाईंनी हात वर केला. म्हणजे थांबा.

आणि घर गप्प झालं. घर म्हणते मी त्या कोर्टाला, कारण झालंच तसं. एकही पाय हलला नाही. लूसिंडाची टोपी हलली नाही. वरचं गार हवेचं यंत्र गुरगुरत होतं, ते केव्हा थांबलं मला कळलं नाही. वकील आधी हसत होता. मग त्याने हसू मिटलं. मग त्याचा हात मानेवर गेला, टॅलबर्टचा गेला होता तसाच. न्यायाधीश बाईंनी पेला खाली ठेवला तर त्याचासुद्धा आवाज झाला नाही. मी सभासद होऊन पन्नास वर्षं झाली, पण इतका मोठा नकार मी कधी ऐकला नव्हता.

त्यात टकटक झालं. कोर्टाची लिहून घेणारी स्टेनो बाई. तिने एक शब्द दाबला आणि बोटं उचलली.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "काय लिहिलंत? वाचा."

ती वाचते, "एक बाई: नाही." आणि अगदी साधेपणाने म्हणते, "माफ करा, त्या बाईंनी नाव सांगितलं नाही. मला नाव लिहावं लागतं. त्या दाराशी उभ्या आहेत त्या, पिवळ्या कोटातल्या."

आम्ही सगळी वळलो. दार बंद होतं. तिथे फक्त शिपाई उभा होता, त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, मला कुणी दिसलं नाही, मग टोपी का काढली ते मला ठाऊक नाही.

मी काही ऐकलं नाही, पिनी. हे खरं सांगते. यावेळी मी काही ऐकलं नाही.

न्यायाधीश बाई खूप वेळ दाराकडे पाहत होत्या. मग वकिलाला म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारलात. उत्तर मिळालं का तुम्हाला?" तो म्हणाला, "हो." आणि खाली बसला.

तू बाहेर काय करत होतीस?

मावशी


सव्हाना,
३० सप्टेंबर

प्रिय मावशी,

निकाल आज सकाळी आला. पेटिग्रू बाई तुला फोन करतील, पण तू उचलणार नाहीस. मतदान केंद्र बेटावर परत, प्रार्थनाघरात, या नोव्हेंबरपासूनच. आणि पुढची दहा वर्षं कौंटीने मतदानातली कुठलीही गोष्ट बदलायची तर आधी कोर्टाला विचारायचं. निकालात एक वाक्य आहे, ते मी उतरवून घेतलं: "कौंटीला उत्तर मिळाले होते, ते तिने ऐकले नाही." कौंटी वर दाद मागेल. वरची कोर्टं सध्या कशी आहेत ते तुला मी सांगायला नको. पण नोव्हेंबर आपला आहे. डीकन प्रिमसना सांग, बोट लागणार नाही.

तू विचारलंस मी बाहेर काय करत होते. मी बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. परीक्षेतली गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. माझ्या आणि कोर्टाच्या मध्ये दोन दारं होती. कोट मी आणला नव्हता, ऑगस्टात कोण कोट घालतं? तो घरी कपाटात होता. संध्याकाळी परत गेले तेव्हाही कपाटातच होता. मी त्याला हात लावून पाहिला नाही.

स्टेनो बाईंनी लिहिलेलं आमच्याकडे तपासायला आलं. चुका असतील तर दाखवायच्या असतात. कॅप्टनचं नाव आणि बेटाचं स्पेलिंग मी दुरुस्त केलं. मग ती ओळ आली. ती चूक आहे असं लिहायचं तर कुणीही बोललं नव्हतं हे मला ठाऊक असायला हवं, आणि मला ठाऊक नाही. तू नाही ऐकलंस, त्यांनी ऐकलं. मी ओळ राहू दिली. पेटिग्रू बाईंनी डोकं वर न काढता विचारलं, "झालं तपासून?" मी हो म्हटलं.

तू म्हणशील, आता नोव्हेंबरात ये, रांगेत उभी राहा. मला यायचं आहे, खूप यायचं आहे. पण माझं मत आता सव्हानात आहे. बेटाच्या रांगेत मी उभी राहिले तर बघणाऱ्याला वाटेल मीही तिथे मत दिलं, आणि कौंटीला तेवढंच पुरेल. म्हणून त्या दिवशी मी इथेच असेन. सकाळी मत देईन आणि दिवसभर ऑफिसात, चार माणसांच्या समोर बसेन. हे तुला आधीच लिहून ठेवते आहे, म्हणजे नंतर कुणाला शंका राहणार नाही.

तेव्हा दाराशी जर कुणी पिवळ्या कोटात दिसलं, तर ती मी नाही, हे धरून चाला. तिला हाक मारू नका. मतपत्रिका देऊ नका, तिचं नाव त्या यादीत नाही. पण डीकनना सांग, चौकटीचा निळा रंग खरवडून काढा, तिची वाट अडायला नको. आणि ती उभी असेल तर राहू द्या.

तुझी,
पिनी